शून्य कोणाच्या मीटरवर? जळगावातल्या एका गच्चीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव शहरातली ही एक मध्यमवर्गीय सहकारी गृहनिर्माण संस्था. खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्यावर चार असे वीस फ्लॅट. राहणारे शिक्षक, बँकेतले, सराफ बाजारात कामाला असलेले, आणि रावेर-यावलकडची केळी सांभाळून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेली पाच-सहा घरं. तीन फ्लॅट भाड्याने दिलेले. त्यांचे मालक पुण्याला आणि सुरतला. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. मी ऊर्जा सल्लागार म्हणून या कामात पहिल्या सभेपासून होतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास होता, पाचव्या मजल्यावरच्या चारही घरांची बिलं दुपटीला गेली होती. अध्यक्ष आप्पांनी सभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घातली: ‘इमारतीचे वीजबिल शून्य करणे.’

खरं तर निम्मं भांडण या एका ओळीतच होतं. शून्य-ऊर्जा इमारत म्हणजे वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी तिथेच तयार करणारी इमारत. बिल शून्य होणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती होत नाही, कारण युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार बिलात राहतोच. तिसरा प्रश्न सभेत कोणी विचारलाच नव्हता: शून्य करायचं ते कोणतं मीटर? इमारतीत एकवीस मीटर होते. वीस घरांचे आणि एक सामाईक.

सचिव सरांनी दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाचा फोटो आणला होता. फेब्रुवारी 2014 मध्ये उद्घाटन झालेलं हे केंद्र सरकारचं शून्य-ऊर्जा कार्यालय. त्यावर 930 किलोवॉटचे पॅनल आहेत, ते गच्चीच्या कडेबाहेरही पसरलेले दिसतात. पण कार्यालय दिवसा चालतं, मालक एक, मीटर एक. आपल्याकडे वीस संसार आणि संध्याकाळी सातनंतर सुरू होणारे कूलर. फोटो बघून हुरूप आला एवढंच. शिवाय ‘स्मार्ट सिटी’च्या निधीतून काही मिळेल का, असंही कोणी विचारलं. 2015 च्या त्या अभियानात महाराष्ट्रातली पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर अशी शहरं होती. खानदेशातलं एकही नव्हतं. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, पण आपल्या गच्चीचं काय करायचं ते आपल्यालाच ठरवायचं होतं.

अडचण

पहिल्या पुरवठादाराने सांगितलं, घरटी तीन किलोवॉट बसतील, प्रत्येकाला 78,000 परत. वीस त्रिक साठ किलोवॉट. आम्ही टेप घेऊन गच्चीवर गेलो. जिन्याची खोली, लिफ्टची मशिन रूम, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्या सावल्या वजा केल्यावर 2,400 चौरस फूट उरले. नेहमीच्या पद्धतीने, रांगांमध्ये सावलीचं अंतर सोडून, किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट लागतात. म्हणजे 24 किलोवॉट. साठ कुठून आले हे त्या माणसाने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग वर्षभराची बिलं गोळा केली. सामाईक मीटर महिन्याला 900 युनिट, म्हणजे वर्षाला 10,800. घरं सरासरी 200 युनिट महिना. वीस घरांचे वर्षाला 48,000. एकूण 58,800. आपल्या भागात एक किलोवॉट वर्षाला ढोबळ 1,400 युनिट देतो असं धरलं तर पूर्ण इमारतीच्या शून्यासाठी 42 किलोवॉट हवेत. गच्ची 24 ची.

हे गणित समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बंगल्यात एका छपराखाली एक किंवा दोन मजले असतात, तिथे शून्य गाठणं सोपं. पाच मजल्यांचं छप्परही तेवढंच, वापर मात्र पाचपट. इमारत जितकी उंच तितकं शून्य अवघड, आणि आपली शहरं तर आता उंचच वाढताहेत.

दुसरी अडचण कागदावर नव्हती. पाचव्या मजल्यावरच्या एका सभासदाचं म्हणणं, बिल्डरने गच्ची मला दिली होती. कागद मागितला तर तोंडी. गच्ची सोसायटीचीच आहे हे सभेने ठरावात लिहून घेतलं, त्यावरून महिनाभर बोलाचाली झाली.

तिसरी अडचण मांडली ती अमळनेरकडच्या एका काकूंनी. सभेत पॅनलचा नकाशा भिंतीवर लावला होता. त्या उठल्या, नकाशाजवळ गेल्या, बोटाने गच्ची चाचपून विचारलं, “मंग बिबडा कोठे घालसूत?” हशा पिकला. पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. चैत्र-वैशाखात या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड, शेवया यांच्या खाटा लागतात, आणि रात्री निम्मी इमारत तिथेच झोपते. गच्ची हीच उन्हाळ्यात राहण्याची जागा होती. पॅनल टाकून ती काढून घेतली तर माणसं खोलीत झोपणार, म्हणजे कूलर आणि एसी आणखी चालणार. शून्याच्या हिशोबात हे कोणी धरलं नव्हतं.

तोलून पाहिलेले पर्याय

फक्त सामाईक मीटर. आठ किलोवॉट पुरे, वाद कमी, अनुदान 1,44,000. पण घरांना काहीच नाही, आणि ‘शून्य इमारत’ म्हणायचं तर ते खोटं ठरणार.

ज्याचा अर्ज आधी त्याला जागा. पुरवठादाराची पसंती याला होती, कारण सात-आठ ग्राहक झटपट मिळाले असते. आप्पांनी हे तिथेच मोडून काढलं. आठ जणांनी तीन-तीन किलोवॉट बसवले की गच्ची संपली. उरलेल्या बारांनी सामाईक जागेचा फायदा दुसऱ्याला दान केल्यासारखं.

एक मोठा प्लांट, वीज सगळ्यांच्या मीटरवर वाटून. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत 2019 पासून त्याचे नियम आहेत. तांत्रिकदृष्ट्या फ्लॅटच्या इमारतीला हीच पद्धत शोभते. पण वाटणी समान की चौरस फुटावर, यावरच सभा विस्कटली, आणि विषय मागे पडला.

बॅटरी. हा पर्याय भीतीतून आला. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला, जोडलेला साधा सौर प्लांट वीज गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. लाइनमन खांबावर काम करत असताना गच्चीवरून उलटी वीज जाऊ नये म्हणून पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा सौर इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. हे ऐकून दोघा-तिघांचा उत्साह जागेवर उतरला. “मग भो, लाइट गेल्यावर उपयोग काय?” लिफ्ट चालवण्याएवढी बॅटरी घेतली तर सगळा हिशोब कोसळत होता. डिझेल जनरेटर लिफ्टसाठी ठेवायचा आणि जिन्याच्या दिव्यांना छोटा बॅटरीवाला इन्व्हर्टर लावायचा, असं ठरलं. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय, आणि तो कोणाला फारसा आठवतही नाही.

आधी वापर कमी करणं हा पर्याय कोणालाच आवडला नाही. त्याचा फोटो काढता येत नाही.

काय केलं

सुरुवात तिथूनच झाली, तेही अपघाताने. पंपाचं बिल एवढं का, म्हणून एक सकाळ वॉचमनबरोबर गच्चीवर थांबलो. टाकी भरली, वाहायला लागली, पाणी पन्हाळीतून खाली, आणि पंप चालूच. वॉचमन चहा घेऊन येईपर्यंत बोअरचं पाणी गटारात. टाकीत लेव्हल कंट्रोलर बसवला, पार्किंगच्या जुन्या ट्यूब काढून सेन्सरवाले एलईडी लावले. सामाईक मीटर 900 वरून 650 वर आला. एकही पॅनल न लावता. घरांना कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, म्हणजे बीएलडीसी, पंख्यांची एकत्र ऑर्डर दिली. जुना पंखा 70-75 वॉट घेतो, हा 30 च्या आसपास. खानदेशात पंखा फेब्रुवारीला सुरू होतो तो दिवाळीपर्यंत थांबत नाही, त्यामुळे फरक बिलात दिसतो. सगळ्यांनी घेतले नाहीत.

दुसरं काम स्लॅबचं. वॉटरप्रूफिंग जागोजाग फुटलेलं होतं. एकदा पॅनल बसले की खालची दुरुस्ती महाग आणि कटकटीची, म्हणून आधी गच्ची दुरुस्त करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला. सिंकिंग फंडाला, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या पैशाला, हात लावायचा नाही, हे मात्र सभेने ठामपणे सांगितलं. दुरुस्ती निधी आणि वर्गणीतून काम भागवलं.

तिसरा निर्णय ढाच्याचा. पॅनल जमिनीलगत न ठेवता नऊ फूट उंच ढाच्यावर घ्यायचे. खर्च वाढला, पण रांगांमधलं अंतर वाचलं आणि किलोवॉटला 70 चौरस फूट पुरले. पूर्वेकडची 400 चौरस फुटांची पट्टी पूर्ण मोकळी सोडली. तिला सभावृत्तांतात अधिकृतपणे ‘वाळवणाची जागा’ म्हटलेलं आहे. उरलेल्या 2,000 चौरस फुटांत 28 किलोवॉट बसत होते. पॅनलखाली रात्री झोपायला जागा राहिली.

उंच ढाचा म्हटल्यावर वाऱ्याचा विषय निघाला, आणि इथे केळीवाल्यांनी सभा ताब्यात घेतली. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बागा आडव्या होताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पॅनलच्या पाट्या कुठे उडतील याची कल्पना द्यावी लागत नाही. पुरवठादाराचा ‘स्टँडर्ड’ ढाचा नाकारला. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायांची जागा खालच्या कॉलमच्या रेषेत ठरवून घेतली, गॅल्व्हनाइज्ड लोखंड वापरलं, आणि स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे कॉलमच्या डोक्यावर बांधून घेतले.

वाटपाचा नियम दोन ओळींचा होता. 28 पैकी आठ किलोवॉट सोसायटीचे. उरलेले वीस, घरटी एक. ज्याला नको त्याने आपला वाटा लेखी देऊन दुसऱ्या सभासदाला वापरायला द्यावा, पण विकू नये. सामाईक मीटरला 650 युनिटांच्या हिशोबाने सहा किलोवॉट पुरले असते. दोन जास्त घेतले ते पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जिंगसाठी. त्याहून मोठा प्लांट घेण्यात अर्थ नव्हता, कारण ग्रिडला दिलेल्या जास्तीच्या युनिटांचा वर्षाचा हिशोब 31 मार्चला मिटतो, आणि तेव्हा शिल्लक युनिटांचे पैसे आपण वीज घेतो त्या दराने मिळत नाहीत. शिवाय 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, तेही सोयीचं पडलं.

पॅनलच्या निवडीत एक अडखळ आली. सगळ्यात स्वस्त दरपत्रकात परदेशी सेलचे (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचे) पॅनल होते. घरगुती अनुदानासाठी सेल आणि पॅनल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात. दरपत्रकात ही ओळ नव्हती. पुरवठादार बदलला.

अकरा घरांनी पैसे भरले. त्यांतल्या दोघांनी शेजाऱ्याचा वाटाही घेतला, म्हणून घरांचे 13 किलोवॉट झाले. सोसायटीचे आठ धरून 21. ढाचा मात्र 28 चाच उभा केला, वेल्डर पुन्हा पुन्हा गच्चीवर चढू नये म्हणून. जानेवारी 2025 मध्ये मीटर बदलले आणि प्लांट सुरू झाला.

एका वर्षानंतर

2025 मध्ये 21 किलोवॉटने 28,700 युनिट दिले, किलोवॉटला 1,365. सोसायटीच्या आठ किलोवॉटचे 10,900. सामाईक मीटरचा वापर स्कूटर धरून 8,600. म्हणजे सामाईक मीटर शून्याच्याही खाली. आप्पांनी हा आकडा ग्रुपवर टाकला आणि अभिनंदनाचा पाऊस पडला.

पूर्ण इमारत मात्र शून्य नाही. घरांचा वापर 48,000 वरून 46,000 वर आला. सामाईक धरून 54,600 पैकी 28,700 गच्चीवर तयार झाले, निम्म्याच्या थोडे वर. उरलेले 25,900 युनिट बाहेरून.

इथे मला दुसरी मोजपट्टी जास्त उपयोगी वाटते. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या ‘शून्य’ लेबलमध्ये, बाहेरून घेतलेली निव्वळ वीज वर्षाला चौरस मीटरमागे 0 ते 10 युनिट असेल तर इमारत ‘शून्य’, आणि त्याखाली गेली तर ‘शून्य प्लस’. आपल्या इमारतीचं बांधकाम ढोबळ 2,000 चौरस मीटर. आधी हा आकडा 29 होता, आता 13. उरलेले सात किलोवॉट लागले असते तर तो आठवर आला असता. हे लेबल मिळवायची प्रक्रिया वेगळी आहे आणि सोसायटी तिच्या वाटेला जाणारही नाही. पण साधी आरसीसी इमारत, काचेचा दर्शनी भाग नाही, सेंट्रल एसी नाही, माणसं काटकसरीने राहणारी, आणि ती या पट्ट्याच्या उंबरठ्याशी येते. शून्य-ऊर्जा इमारत म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं त्यापेक्षा हे बरंच वेगळं आहे.

मे महिन्याने मात्र घोर निराशा केली, निदान ज्यांना उन्हाच्या हिशोबाने विजेची अपेक्षा होती त्यांची. पॅनलची क्षमता सेलचं तापमान 25 अंश धरून मोजतात. बाहेर 44 असताना सेल 65 च्या घरात जातो, आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पादन घटतं. चाळीस अंशांच्या फरकाला 14 टक्के. “ऊन एवढं पेटलंय आणि अॅपवर मार्चपेक्षा कमी?” असा मेसेज यायचाच. जुलै-ऑगस्ट ढगांनी खाल्ले, ते अपेक्षितच होतं.

धुण्याचा किस्सा सांगण्यासारखा आहे. वॉचमन इमानाने दर आठवड्याला पॅनल धूत होता, बोअरच्या पाण्याने, दुपारी. तीन महिन्यांत काचेवर पांढरे डाग आले, आणि खालच्या कडेला, फ्रेमला लागून, बोटभर रुंद खारट पट्टा जमला. सेलची शेवटची ओळ त्या पट्ट्याखाली झाकली गेली की तिच्याशी जोडलेल्या सेलचंही उत्पादन खाली येतं. नखाने खरवडून निघेना. आता वाघूर धरणाचं नळाचं पाणी, पहाट आणि मऊ ब्रश.

पाचव्या मजल्यावर फरक जाणवला. मे महिन्यात रात्री नऊला इन्फ्रारेड थर्मामीटरने छत मोजलं: पॅनलखालच्या तीन घरांत 36 अंश, चौथ्यात 40. पांढरा थर दोन्हीकडे सारखाच, फरक सावलीचा. चौथं घर रिकाम्या राहिलेल्या सात किलोवॉटच्या ढाच्याखाली येतं. तिथे भाडेकरू राहतात. त्यांच्या घरमालकाने वाटा घेतला नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. भाडेकरूने घेतला नाही, कारण अकरा महिन्यांचा करार. उरलेल्या दोन भाड्याच्या घरांतही हेच.

वेगळं काय करता आलं असतं

रिकामे ठेवायचे चौकोन जिन्यावर आणि टाक्यांच्या बाजूला ठेवायला हवे होते. पैसे कोणी भरले या क्रमाने पॅनल लावत गेले, म्हणून मोकळी जागा नेमकी एका घराच्या डोक्यावर आली. पॅनल कोणाचेही असोत, ते कुठे बसवायचे हे सोसायटीने उष्णतेच्या हिशोबाने ठरवता आलं असतं. वीज मीटरवर जाते, सावली छतावर पडते. दोन्हींचं वाटप वेगवेगळं करता येतं.

भाड्याच्या घरांसाठी सोसायटीने स्वतः गुंतवणूक करून घरमालकाकडून देखभाल शुल्कात हप्त्याने वसूल करण्याचा प्रस्ताव उशिरा आला. पैसे गोळा होत असतानाच तो मांडला असता तर तीनपैकी एक मालक तरी तयार झाला असता, असं त्यांच्याशी फोनवर बोलल्यावर वाटलं.

फेजचा, म्हणजे इमारतीत येणाऱ्या तीन जिवंत तारांवर घरं कशी वाटली आहेत त्याचा, तोल आधी बघायला हवा होता. पॅनल घेणाऱ्या अकरांपैकी सात घरं एकाच फेजवर निघाली. रविवारी दुपारी वापर कमी, निर्मिती जोरात. त्या फेजवरचं व्होल्टेज 250 च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर थांबायचे. तीन घरांची फेज बदलल्यावर तक्रारी थांबल्या. एका इमारतीत हे निस्तरता येतं. सगळ्या कॉलनीने पॅनल बसवले तर हाच प्रश्न ट्रान्सफॉर्मरवर येईल, आणि तेव्हा दुपारी पाणी चढवणं, स्कूटर चार्ज करणं अशी कामं उन्हाच्या वेळेत नेणं भाग पडेल. स्मार्ट शहर म्हणायचं तर सुरुवात टाकीच्या टायमरपासून आहे. या सोसायटीने पंप आता सकाळी अकराला लावला आहे.

अर्थिंगही सांगायला हवं. काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थिंग देते, उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते. खड्डे ऑगस्टमध्ये तपासून पास केले होते. मे महिन्यात मोजल्यावर रोध वाढलेला निघाला. आता एप्रिलपासून खड्ड्यात पाणी ओतायचं काम वॉचमनच्या यादीत आहे. मोजणी उन्हाळ्यातच करावी, विशेषतः गच्चीवर कोसळणारी वीज जमिनीत नेणारा तडितरोधक बसवला असेल तर.

पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर दोन विषय आहेत: रिकामे सात किलोवॉट सोसायटीने भरायचे का, आणि त्यातली पहिली वीज चौथ्या घराच्या मीटरला द्यायची का. काकूंनी तिसरा विषय दिला आहे. वाळवणाच्या पट्टीवर दुपारी तीननंतर ढाच्याची सावली येते, तेव्हा पश्चिमेकडची शेवटची रांग कायमची रिकामी ठेवावी, असं त्यांचं लेखी म्हणणं आहे. सूर्य पश्चिमेला कललेला असताना पट्टीवर सावली पडते ती तिच्या लगतच्या पूर्वेकडच्या रांगेची, हे त्यांना गच्चीवर उभं राहून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे. ती रांग सोसायटीच्या आठ किलोवॉटची आहे.